लिव्हर-ॲक्शन .२२ घ्यायची आहे: कुठली घ्यावी आणि हातात घेऊन काय बघावं

विचारणा अशी आहे: "दोन वर्षं क्लबात बोल्ट-ॲक्शन .२२ चालवतोय. आता लिव्हर-ॲक्शन घ्यायचं पक्कं केलंय. बारा वर्षांची मुलगीही माझ्या देखरेखीखाली तीच चालवेल. कागदी निशाणं आणि लोखंडी पाट्या, पंचवीस ते शंभर मीटर. हेन्री, ब्राउनिंग बीएल-२२, की जुनी मार्लिन ३९ए किंवा विंचेस्टर ९४२२? काडतूस लाँग रायफल घ्यावं की मॅग्नम? आणि स्कोप लावावा का?"

लिव्हर-ॲक्शन म्हणजे चापाभोवतीची दांडी (लिव्हर) खाली-वर करून पुंगळी बाहेर टाकणारी आणि नवं काडतूस आत घेणारी रायफल; बोल्ट-ॲक्शनमध्ये तेच काम हाताने सरकवायच्या खिळीने होतं. आधी उत्तर देतो, मग कारणं. काडतूस .२२ लाँग रायफलच (हे काडतुसाचं नाव, रायफलीचं नाही) घ्या. नवी रायफल घेणार असाल तर तुम्हा दोघांसाठी बीएल-२२ पहिली आणि हेन्रीची एच००१ दुसरी. दोघींत अंतर फार नाही. चांगल्या अवस्थेतली ९४२२ किंवा ३९ए हाती लागली तर ती या दोन्हींच्या पुढे. पण चांगली अवस्था म्हणजे काय हे पारखता आलं पाहिजे, म्हणून त्यावर खाली सविस्तर लिहिलंय. स्कोप पहिल्या वर्षी नको. परवाना, वयाची अट, मुलीने कोणाच्या उपस्थितीत चालवायची हे नियम देशागणिक बदलतात. ते तुम्ही आधीच बघून घेतलेत असं धरून पुढे जातो.

अशा रायफली उघडणं, दुरुस्त करणं आणि नवख्यांना शिकवणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. माझ्या टेबलावर येणाऱ्या लिव्हर-ॲक्शन .२२ पैकी खरोखर झिजलेल्या फार थोड्या असतात. बहुतेकींचं दुखणं एक तर काडतुसं भरायच्या, बॅरलखालच्या नळकांड्यात असतं, नाहीतर चालवणाऱ्याच्या मनगटात. लोक मात्र निवडताना बॅरलची लांबी, लाकडाचा रंग आणि पितळी झळाळी बघतात. लिव्हर आणि नळकांडं या दोन गोष्टी तुमच्या आणि मुलीच्या हाताला जमल्या की बाकीचं जमवून घेता येतं; त्या जमल्या नाहीत तर कितीही देखणी रायफल कपाटात पडून राहते.

काडतुसाचा निकाल आधी लावू. रिमफायर काडतुसात पेटणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत, म्हणजे रिमच्या पोकळ घडीत भरलेला असतो. फायरिंग पिन ती कड चेपते आणि बार होतो. कड चेपता यावी म्हणून पितळ पातळ ठेवावं लागतं, आणि पितळ पातळ म्हणून दाबही मर्यादित. वापरलेली पुंगळी पुन्हा भरता येत नाही. या मर्यादेतच या काडतुसाचे सगळे गुण आहेत: धक्का नगण्य, आवाज सौम्य, यंत्रणा हलकी. लिव्हर आणि रिमफायर यांचं नातंही जुनं आहे. बेंजामिन टायलर हेन्रीने १८६० मध्ये पेटंट घेतलेली रायफल .४४ रिमफायरच होती आणि तिच्या बॅरलखालच्या नळकांड्यात सोळा काडतुसं बसत. आजची हेन्री कंपनी त्या कारखान्याची वारस नाही. १९९० च्या दशकात सुरू झालेली ही वेगळी कंपनी आहे, नाव तेवढं जुनं घेतलंय.

.२२ लाँग रायफल १८८७ पासून चालत आलंय. नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे साधारण २.६ ग्रॅम. स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या काडतुसात ती सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास, आवाजाच्या वेगाच्या थोडी खाली सुटते. हाय व्हेलॉसिटीत तीनशे पंचाहत्तर-ऐंशीपर्यंत. १९५९ मध्ये आलेलं .२२ मॅग्नम तेवढ्याच वजनाची गोळी ५७० च्या घरात नेतं. २००२ चं .१७ एचएमआर तर १७ ग्रेनची चिमुकली गोळी पावणेआठशेने फेकतं. आकडे बघून हात मॅग्नमकडे जातो, ते मला समजतं. पण तुमचं काम पाट्या आणि कागद, आणि शिकणारी व्यक्ती बारा वर्षांची. तिला लागणार आहेत हजारो बार, तेही आवाजाला न दचकता. मॅग्नमचा आवाज तीक्ष्ण असतो. कानावर संरक्षण असलं तरी लहान मूल दोन-तीन बारांनंतर चाप ओढण्याआधी डोळे मिटायला लागतं. ही सवय एकदा लागली की सोडवायला महिने जातात. शिवाय लाँग रायफलच्या काडतुसांत जेवढी विविधता मिळते तेवढी इतर दोन्हींत नाही, आणि तुमच्या बॅरलला मानवणारं काडतूस शोधायला ती विविधताच कामाला येते. .१७ एचएमआर शंभर मीटरवर फार नेटकं चालतं हे खरं, पण हलकी गोळी वाऱ्याला वाकते आणि त्या बारीक बॅरलसाठी वेगळी साफसफाईची काठी लागते.

इथे सुरक्षेची एक गोष्ट ठळकपणे सांगतो. लाँग रायफल आणि मॅग्नम ही दोन्ही .२२ म्हणवली जात असली तरी एकमेकांच्या जागी चालत नाहीत. मॅग्नमची पुंगळी जाडीला मोठी असते. मॅग्नमच्या चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) लाँग रायफल ढिलं का होईना बसतं, बारही होऊ शकतो, पण पुंगळी फाटते आणि गरम वायू मागे तोंडाकडे येतो. जुन्या बाजारात ९४२२ आणि ९४२२एम (एम म्हणजे मॅग्नम) या दोन्ही फिरतात, दिसायला बहिणी. विक्रेता काय म्हणतो त्यावर जाऊ नका, बॅरलवर कोरलेलं स्वतः वाचा.

लाँग रायफलच्या लिव्हर-ॲक्शनचा आणखी एक फायदा असा की बहुतेक रायफली शॉर्ट, लाँग आणि लाँग रायफल ही तिन्ही काडतुसं खातात. बीएल-२२ मध्ये लाँग रायफल पंधरा, शॉर्ट बावीस बसतात; ३९ए मध्ये एकोणीस आणि सव्वीस. मुलीचे पहिले काही दिवस शॉर्टवर जाऊ द्या, आवाज फारच कमी. फक्त शॉर्टची पुंगळी आखूड असल्याने तिच्या पुढे चेंबरमध्ये मळाचं एक कडं साठतं, आणि मग लाँग रायफल नीट आत जात नाही किंवा पुंगळी चिकटून बसते. शॉर्ट वापरलं की त्याच दिवशी चेंबर ब्रशने घासायचं.

आता लिव्हर. बोल्ट-ॲक्शनवरून आलेल्या माणसाची एक सवय पक्की असते: बोल्ट हळुवार सरकवायचा. लिव्हरला हळुवारपणा चालत नाही. ती खाली पूर्ण टेकेपर्यंत आणि वर पूर्ण मिटेपर्यंत एका दमात फिरवावी लागते. गेल्या हिवाळ्यात एक मुलगा आला होता, साधारण तुमच्या मुलीच्याच वयाचा. त्याचे वडील म्हणाले, रायफल दर चौथ्या काडतुसाला अडकते. मी त्याच्या शेजारी बसलो आणि निशाणाकडे न बघता फक्त त्याचा उजवा हात बघत राहिलो. बार झाला की तो लिव्हर खाली न्यायचा, पण शेवटचं बोटभर अंतर राहिलं की परत ओढायचा, कारण मनगट तिथे अवघडत होतं. पुंगळी निम्मी बाहेर आलेली, तिला उडवणाऱ्या एजेक्टरपर्यंत पोचलेलीच नाही. खाली लिफ्टरवर, म्हणजे काडतूस वर उचलणाऱ्या भागावर, नवं काडतूस नाक वर करून उभं. आणि त्या दोघांवर बोल्ट बंद होऊ पाहतोय. रायफलीत काहीही बिघडलेलं नव्हतं. दस्ता त्याच्यासाठी दोन बोटं लांब होता, त्यामुळे हात आधीच ताणलेला आणि लिव्हर ढकलायला जागाच उरत नव्हती.

म्हणून बीएल-२२ ला मी पहिलं ठेवलं. तिची लिव्हर फक्त ३३ अंश फिरते. दस्त्यावर पकड घेतलेला हात जवळपास जागचा न हलता बोटांनीच लिव्हर खाली जाते आणि वर येते. चापही लिव्हरबरोबर खाली जातो, त्यामुळे वर येताना बोट लिव्हर आणि चाप यांच्यामध्ये चिमटत नाही. लिव्हर पूर्ण मिटल्याशिवाय बार होत नाही. १९७० च्या सुमारास ही रायफल आली, जपानच्या मिरोकूत बनते, आणि यंत्रकाम इतकं घट्ट की नव्या रायफलीत कुठे खडखड ऐकू येत नाही. चाप मात्र थोडा जड असतो. सराईत नेमबाजाला तो खटकेल. तुम्ही बोल्ट-ॲक्शनच्या हलक्या चापावरून येताय, त्यामुळे पहिले काही आठवडे तुमच्या गोळ्या उजवीकडे किंवा खाली ओढल्या जातील. चाप घासून हलका करायला कोणालाही देऊ नका, मला दिलीत तरी मी नको म्हणेन.

हेन्री एच००१ ची लिव्हर जास्त फिरते, पण फिरते लोण्यासारखी. कोऱ्या डब्यातून काढलेली रायफल इतकी गुळगुळीत चालते की लोक ती दुकानातच घेऊन टाकतात. तिच्यावर एक आक्षेप कायम असतो: रिसीव्हर, म्हणजे यंत्रणा बसते ते मधलं कवच, पोलादी नाही, जस्ताच्या मिश्रधातूचा आहे आणि वर दिसतं ते नुसतं रंगवलेलं आवरण आहे. आक्षेप खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही. रिमफायरचा दाब या धातूला झेपतो. हजारो बार झालेल्या हेन्री मी उघडल्यात. आवरणाचा रंग कडेला उडालेला, स्क्रूच्या खाचा विस्कटलेल्या, पण आतली यंत्रणा ठीक. स्क्रू वारंवार काढले तर मात्र मिश्रधातूतले आटे खराब होतात, तेव्हा उत्साहाने दर रविवारी उघडू नका. गोल्डन बॉय ही हेन्रीचीच अष्टकोनी बॅरलची, पितळी दिसणारी बहीण. तीन किलोच्या पुढे जाते आणि साध्या एच००१ ला स्कोपसाठी रिसीव्हरवर खाच असते तशी तिला नाही. तुम्हाला ती आवडत असेल तर नंतर स्वतःसाठी घ्या. बारा वर्षांच्या हातांना पुढचं वजन पेलणार नाही.

दस्त्याची लांबी मापून घ्या, अंदाजाने नको. मुलीचा कोपर काटकोनात वाकवा, दस्त्याचं बूड कोपराच्या खोबणीत टेकवा, आणि तर्जनीचं पहिलं पेर चापावर आरामात येतं का बघा. एच००१ चा दस्ता चापापासून १४ इंच आहे, तिच्या यूथ मॉडेलचा १३. बीएल-२२ चा साडेतेरा, आणि तिचं मायक्रो मायडस नावाचं आखूड रूप १२ इंचाचं. तुमच्या मुलीची उंची मला माहीत नाही, पण बाराव्या वर्षी बहुतेकांना तेरा इंच जमतं आणि तीच रायफल मोठ्या माणसालाही उन्हाळी कपड्यांत अडचण न होता चालवता येते. उलटं होत नाही. लांब दस्त्याशी लहान मूल झगडतं, आणि त्याचं काय होतं ते वर सांगितलंच.

नळकांड्याकडे वळतो, कारण लिव्हर-ॲक्शनचा खरा सराव तिथे लागतो. बॅरलखाली एक बाहेरचं नळकांडं असतं, त्यात दुसरं पितळी, टोकाला स्प्रिंग आणि दट्ट्या असलेलं. टोकाची खुंटी फिरवून आतलं वर ओढायचं, बाहेरच्याला काडतुसाच्या आकाराची खिडकी असते, तिथून एकेक काडतूस बूड खाली आणि गोळी वर ठेवून सोडायचं. मग आतलं नळकांडं परत ढकलून खुंटी अडकवायची. हे सगळं होताना तुमचा हात बॅरलच्या तोंडाजवळ असतो. बोल्ट-ॲक्शनचं मॅगझिन खालून बसवणाऱ्याला याची सवय नसते. माझा नियम असा: लिव्हर पूर्ण खाली उघडी, चेंबर डोळ्यांनी बघितलेला आणि करंगळीने चाचपलेला, आणि तोंड स्वतःपासून व इतरांपासून दूर तिरकं. आतलं नळकांडं वर ओढताना तळवा तोंडावरून नेऊ नका, बाजूने दोन बोटांत धरा. मुलीला आधी एक संपूर्ण तास फक्त बनावट प्लास्टिक काडतुसांनी हे करू द्या. दट्ट्या बसल्याचा बारीक टक आवाज ऐकून ती स्वतःहून मान हलवायला लागली की पुढे जा.

रिकामी करताना चूक होते ती इथेच. आतलं नळकांडं काढून रायफल उलटी केली, काडतुसं हातात ओघळली, मोजली आणि संपलं असं वाटतं. पण एखादं काडतूस नळकांड्याच्या तळाशी चिकटलेलं राहतं, एखादं लिफ्टरवर असतं आणि एखादं चेंबरमध्ये. मळ आणि तेल असलेल्या नळकांड्यात हे सहज होतं. म्हणून काडतुसं काढल्यावर रायफल निशाणाकडे धरून लिव्हर पाच-सहा वेळा पूर्ण फिरवायची, मग उघडी ठेवून आत बघायचं आणि बोट घालायचं. किती भरली आणि किती झाडली याचा हिशेब मुलीने मोठ्याने सांगायचा. डब्यातल्या कप्प्यांमुळे हा हिशेब सोपा जातो.

घोड्याबद्दल थोडं. या रायफलींना बाहेर दिसणारा घोडा (फायरिंग पिनवर आपटणारा हातोडा) असतो आणि भरलेल्या चेंबरवर तो अंगठ्याने हळूच खाली सोडणं हे लिव्हर-ॲक्शनमधलं सगळ्यात धोक्याचं काम. अंगठा घामट असेल, थंडीने बधिर असेल, तर घोडा निसटतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या ३९ए ला आडवा सेफ्टी खटका आहे, तर बऱ्याच रायफलींना घोडा अर्ध्यावर अडवणारी हाफ-कॉकची खाच एवढंच. रेंजवर घोडा खाली सोडण्याची वेळ येऊच नये. नेम घेतला, विचार बदलला, तर बोट चापावरून काढा, लिव्हर उघडा आणि काडतूस बाहेर पडू द्या. एक काडतूस मातीत पडलं म्हणून काही बिघडत नाही.

जुन्या रायफलीची पारख. विंचेस्टर ९४२२ अमेरिकेत १९७२ ते २००५ बनली; मार्लिन ३९ए हे नाव १९३९ पासूनचं आणि तिची घडण १८९१ च्या मार्लिनपर्यंत मागे जाते. दोन्ही पोलादी, दोन्ही रायफली पुंगळी बाजूने फेकतात, आणि दोन्ही एका स्क्रूवर दोन भागांत उघडतात. ९४२२ मध्ये काडतूस नळकांड्यातून निघाल्यापासून चेंबरमध्ये जाईपर्यंत धरलेलं राहतं, सुटं पडत नाही. म्हणूनच ती उलटी धरूनही फीड करते, म्हणजे काडतूस आत घेते, असं लोक सांगतात आणि करून दाखवतात. ३९ए लांब आणि जड, चोवीस इंची बॅरल आणि तीन किलो. उभ्याने नेम धरायला ते वजन मला आवडतं, तुमच्या मुलीला मात्र दोन-तीन वर्षांनी आवडेल.

अशी रायफल समोर आली की बाहेरचं लाकूड शेवटी बघा. पहिल्यांदा आतलं नळकांडं पूर्ण बाहेर काढा आणि सपाट टेबलावर बोटांनी हळू गडगडवा. वाकलं असेल तर ते लगेच लंगडतं. मग त्याच्या अंगावरून नख फिरवा. मी एकदा एका गृहस्थांची ३९ए दोन वेळा पूर्ण उघडली, लिफ्टर बदलला, तरी सातव्या-आठव्या काडतुसाला फीड थांबायचंच. तिसऱ्या वेळी आतलं नळकांडं खिडकीजवळच्या उजेडात तिरकं धरलं तेव्हा मसुराच्या डाळीएवढा एक पोचा दिसला. दट्ट्या तिथे पोचला की थबकत होता. नळकांडं बदललं आणि रायफल आजतागायत चालतेय. त्या दोन चकरा मी विनाकारण मारल्या, तेव्हापासून प्रत्येक रायफलीत पहिलं नळकांडं बघतो.

दुसरं, चेंबरची कड. बोल्ट उघडून, बारीक टॉर्च लावून, भिंग असेल तर भिंगातून बघा. फायरिंग पिन जिथे आपटते तिथे कडेवर बारीक खड्डा किंवा आत ढकललेला काठ दिसला तर रायफल रिकामी असताना बऱ्याच वेळा चालवलेली आहे. रिमफायरमध्ये काडतूस नसेल तर काही रायफलींची पिन थेट चेंबरच्या कडेवर जाते. त्या काठामुळे पुंगळी चिकटते आणि खड्ड्यावर रिमला आधार न मिळाल्याने मिसफायर होतात. थोडा काठ असेल तर योग्य हत्याराने परत दाबून सरळ करता येतो. खोल खड्डा असेल तर दुसरी रायफल बघा. स्वतःच्या रायफलीवर रिकामा सराव करायचाच असेल तर रिमफायरचे स्नॅप कॅप (पिनचा घाव झेलणारी बनावट काडतुसं) वापरा.

तिसरं, एक्सट्रॅक्टर, म्हणजे पुंगळीची कड पकडून ओढणारा आकडा. बनावट काडतूस चेंबरमध्ये घालून लिव्हर अगदी हळू उघडा. एक्सट्रॅक्टरने ते शेवटपर्यंत पकडून ठेवायला हवं. मग तेच जोरात. आता ते लांब फेकलं जायला हवं. चौथं, बॅरलचं तोंड. या रायफली पिढ्यान् पिढ्या तोंडाकडून काठी घालून साफ केल्या जातात आणि काठी एका बाजूला घासत राहिली की कड लंबगोल होते. तिथे चमक एका अंगाला जास्त दिसली तर अचूकता गेलीच असं समजा. ९४२२ आणि ३९ए उघडून मागच्या बाजूने साफ करता येतात हा त्यांचा मोठा गुण. बीएल-२२ आणि हेन्रीला रोजच्या साफसफाईत तोंडाकडूनच जावं लागतं, म्हणून त्यांच्यासाठी चेंबरकडून पुढे ओढायची दोरी घ्या आणि काठी क्वचितच वापरा.

साइट्स. तुम्ही स्कोपबद्दल विचारलंत. तांत्रिकदृष्ट्या चारही रायफलींवर स्कोप बसतो. पण स्कोप बसला की घोड्याच्या वर जागा उरत नाही, घोडा ओढायला त्याला आडवी खुंटी लावावी लागते, आणि खांद्याला लावताच डोळ्यासमोर निशाण येण्याची जी सहजता लिव्हर-ॲक्शनमध्ये आहे ती जाते. त्याऐवजी रिसीव्हरवर पीप साइट, म्हणजे बारीक छिद्राची मागची साइट, बसवा. लहान छिद्रातून बघताना डोळा आपोआप मध्य शोधतो, मुलीला फक्त पुढच्या माशीवर लक्ष ठेवायला सांगायचं. पन्नास मीटरपर्यंत हाताच्या तळव्याएवढ्या पाटीला पीप पुरून उरते. पुढे स्कोप घेतलाच तर रिमफायरसाठी बनवलेला, ५०-६० मीटरला पॅरलॅक्स जुळवलेला (त्या अंतरावर डोळा सरकला तरी नेम न सरकणारा) आणि कमी शक्तीचा, चार पटीचा पुरे.

शंभर मीटरसाठी एक हिशेब लक्षात ठेवा. पन्नास मीटरवर शून्य केलेली, म्हणजे तिथे बरोबर नेमावर लागेल अशी साइट जुळवलेली, हाय व्हेलॉसिटी गोळी शंभरावर पंधरा-वीस सेंटिमीटर खाली जाते. स्टँडर्ड गोळी त्याहून अधिक. म्हणून शंभराच्या पाट्यांसाठी साइट किती खटके वर न्यायची ते स्वतःच्या रायफलीवर लिहून ठेवा; दुसऱ्याचा तक्ता चालत नाही. आणि पाट्यांच्या मागचा मातीचा बांध हा विषय हलका घेऊ नका. काडतुसांच्या डब्यावर दीड मैलाचा इशारा छापलेला असतो, म्हणजे जवळपास २.४ किलोमीटर. आवाज सौम्य असला तरी गोळी फार लांब जाते.

बाकीच्या नावांबद्दल दोन ओळी. किआप्पाची एलए३२२ दोन भागांत सुटते आणि सोबत न्यायला बरी. रुगरची ९६/२२ आता बनत नाही, पण तिला नळकांड्याऐवजी दहा काडतुसांचं सुटं मॅगझिन होतं. ज्यांना बॅरलच्या तोंडाजवळ हात नेणं मनापासून नको वाटतं त्यांनी ती जुन्यात शोधावी.

बेंचवर टेकून चालवायची तुमची सवय असेल तर आधार उंच घ्यावा लागेल, कारण लिव्हरला खाली जायला जागा हवी. झोपून चालवणं जवळपास विसराच, रायफल प्रत्येक बाराला बाजूला कलंडवावी लागते. लिव्हर-ॲक्शन ही उभ्याने आणि बसून चालवायची रायफल आहे.

रायफल घरी आली की पाच-सहा वेगवेगळ्या काडतुसांचे एकेक डबे घ्या, सगळे एकदम मोठ्या संख्येने नको. प्रत्येकाचे पन्नास मीटरवर पाच-पाच बारांचे तीन ग्रुप (निशाणावरच्या छिद्रांचे झुपके) काढा आणि काडतूस बदललं की पहिले दहा बार मोजू नका. बॅरलमध्ये आधीच्या गोळीचं मेण आणि शिसं असतं, त्याला बदलायला तेवढे लागतात. तीन-चार सेंटिमीटरच्या आत बसणारं काडतूस सापडलं की मग त्याच लॉटची, म्हणजे एकाच खेपेत बनलेली, पेटी घ्या. मिसफायर झाला तर तोंड निशाणाकडे ठेवून तीस सेकंद थांबा, मगच लिव्हर उघडा. बार नेहमीपेक्षा फुसका वाटला तर पुढचं काडतूस घालण्याआधी बॅरल आरपार बघा. हे दोन्ही मुलीकडून तोंडपाठ करून घ्या, आणि पहिल्या दिवशी तिच्या नळकांड्यात एका वेळी दोनच काडतुसं भरा.